दादरला स्वीडन, दापोडीला जपान

१ लाख १६ हजार फॉर्म! १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीने जगभरातल्या आपल्या नोकरदारांकडून ते भरून घेतले. वानखेडे स्टेडियमच्या प्रत्येक खुर्चीवर एकेक फॉर्म ठेवत गेलं, तर अख्खं स्टेडियम तीनदा भरेल आणि चौथ्यांदा निम्मं होईपर्यंत गठ्ठा संपणार नाही. वीस भाषा, पन्नासहून जास्त देश, आणि त्यात एक कळीचा मुद्दा: नोकरीतून तुम्हाला काय हवंय? भरपूर पगार, बढती, नाव, कस लावणारं काम? की साहेबाशी बरं जमणं, सहकाऱ्यांची साथ, राहायला चांगली जागा, नोकरीची शाश्वती?

गीर्ट हॉफस्टेडे या डच संशोधकाने हा डोंगर उपसला आणि १९८० साली पुस्तक काढून एकेका देशाला गुण दिले. पगार-बढती-नाव या बाजूला जितका कल जास्त, तितके गुण जास्त. बहुतेक देशांत या बाजूला पुरुष झुकत होते आणि दुसऱ्या बाजूला बायका, म्हणून त्यांनी या मोजपट्टीला ‘पुरुषीपणा’ असं नाव दिलं. नाव आज खटकतं. आकडे मात्र अजूनही डोळे विस्फारायला लावतात.

ही शंभर गुणांची पट्टी आपण ओळखीच्या रुळांवर अंथरू. सीएसएमटीला शून्य, पुण्याला शंभर. मधे १९२ किलोमीटर. म्हणजे एका गुणाला जवळजवळ दोन किलोमीटर. चला, बसा गाडीत!

स्वीडनला ५ गुण. गाडी वेग घेते न घेते तोच दादर आलं, स्वीडन उतरलं. दक्षिण कोरियाला ३९. बदलापूर गेलं, वांगणी यायचंय, तिथे कोरिया उतरला. तैवानला ४५: नेरळ, जिथून माथेरानची छोटी गाडी सुटते. हाँगकाँगला ५७: कर्जत मागे पडलं, घाट समोर उभा. (भारताला ५६, म्हणजे आपण हाँगकाँगच्या शेजारच्याच बाकावर.) चीनचा आकडा हॉफस्टेडे यांनी नंतर अंदाजाने जोडला, तो ६६: बोगद्यांमागून बोगदे, घाट चढून थेट लोणावळा. आणि जपान? लोणावळा गेलं, कामशेत गेलं, तळेगाव गेलं, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी... जपान अजून बसलेलाच! ९५ गुण! दापोडी आली, पुणं समोर दिसायला लागलं, तेव्हा कुठे तो उठला. त्या मूळ यादीत जपानच्या पुढे एकही देश नव्हता.

आता नकाशा उघडा. कोरियाचं बुसान आणि जपानचं फुकुओका यांच्यामध्ये समुद्र किती? सुमारे दोनशे किलोमीटर. म्हणजे मुंबई-पुणे! सकाळी निघावं आणि जेवायला पलीकडे पोचावं, एवढ्याच अंतरात नोकरीकडून माणसाला काय हवं याचा आकडा ३९ वरून ९५ वर उडी मारतो. दोन्हीकडे भात, दोन्हीकडे कन्फ्यूशियसचा वारसा, दोन्हीकडे वरिष्ठापुढे कमरेत वाकणं, आणि तरी एवढी दरी! रांजणगावच्या एकाच औद्योगिक वसाहतीत कोरियाची एलजी आहे आणि चीनची हायरही. तळेगावला ह्युंदाई आहे. ‘हे सगळे तिकडचे लोक सारखेच, मान मोडून काम करणारे’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. एका डब्यात बसवून मोकळं होण्याइतकी ही माणसं एकसारखी नाहीत.

बरं, पट्टी बदलली की उतरायची स्टेशनंही उलटीपालटी होतात. हॉफस्टेडे यांची दुसरी पट्टी होती अनिश्चिततेच्या धास्तीची: नियम लिहून हवेत, उद्याचं आज ठरलेलं हवं, नोकरी बदलायची तर छातीत धडधड. इथे वांगणीच्या अलीकडे उतरलेला कोरिया ८५ गुण घेऊन तळेगावच्याही पुढे जातो. जपान ९२, म्हणजे पिंपरी. आणि मघाशी कर्जत ओलांडलेलं हाँगकाँग? २९ गुण. कल्याणलाच उतरतं!

आणखी एक प्रश्न, मला फार आवडणारा. उद्या तुम्हाला एवढी मोठी लॉटरी लागली की जन्मभर पैशांची ददात राहणार नाही. तरी काम करत राहाल? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आठ देशांत हा प्रश्न विचारला गेला. ब्रिटनमध्ये शंभरातले ६९ ‘हो’ म्हणाले. जपानमध्ये ९३! शंभर जपानी माणसांच्या पुढ्यात आयुष्यभर पुरेल एवढा पैसा ओतायचा, आणि त्यातले ९३ जण दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन स्टेशनवर हजर!

मग गॅलप या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीकडे यायचं आणि थबकायचं. कामात खरोखर जीव गुंतलाय असं ज्यांच्या उत्तरांवरून दिसतं, असे नोकरदार तेव्हा जपानमध्ये शंभरात सहा. कोरियात तेरा, चीनमध्ये एकोणीस, जगाची सरासरी तेवीस. प्रश्न वेगळा, काळ वेगळा, हे मान्य. तरीही एके काळी शंभरांच्या डब्यातले ९३ जण लॉटरी लागूनही कामाला जाणार होते, आणि २०२३ मध्ये त्याच डब्यात मन लावून बसलेले सहाच सापडले. जाणं सुटलेलं नाही, त्यातलं मन सुटलंय.

शरीराचाही हिशोब आहे. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या तक्त्यात सगळ्यात कमी झोपणारा देश जपान: रात्रीला ७ तास २२ मिनिटं, सरासरीपेक्षा तासाभराहून कमी. १५ ते ६४ वयाचे लोक तिथे सात कोटी चाळीस लाखांच्या आसपास. प्रत्येकाचा एकच तास धरा. सात कोटी चाळीस लाख तास म्हणजे ८,४०० वर्षं. एका रात्रीत! मोहेंजोदडो वसलं, उजाडलं, विसरलं गेलं आणि परत खणून निघालं, त्या सगळ्या काळाहून जास्त झोप हा देश दर रात्री गमावतो. आणि जपानी बायका पुरुषांपेक्षाही कमी झोपतात. त्या जागून करतात काय, तिथे आपण येणारच आहोत.

आधी लोणावळ्याला, चीनकडे. २०२३ साली चीनच्या शहरांत ४७ कोटी माणसं कामाला होती आणि तिथल्या कंपन्या-कारखान्यांतला सरासरी आठवडा होता ४९ तासांचा. ढोबळ गुणाकार करू: आठवड्याला २,३०० कोटी तास. वर्षांत मांडले तर २६ लाख वर्षं. दर आठवड्याला! घाटात गाडीच्या खिडकीतून जो काळा पाषाण दिसतो ना, तो सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांहून जुना. चीनमधली शहरं तेवढा काळ सहा महिन्यांत कामात घालवतात. डोंगराचं सगळं वय, जानेवारीपासून जूनपर्यंत!

तिथल्या तंत्रज्ञान कंपन्यांत ‘९९६’ चालायचं: सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस, एकूण ७२ तास. कायद्याचा आठवडा ४४ तासांचा. २०१९ साली तरुण प्रोग्रामर त्याविरुद्ध इंटरनेटवर उठले, अलीबाबाच्या जॅक मा यांनी ९९६ म्हणजे भाग्य असं सांगितलं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार बेकायदा ठरवला. चीनमध्ये बाई घराबाहेर काम करतेच, ते गृहीतच धरलेलं असतं. मात्र कायदा तिला घरी लवकर पाठवत आला. पुरुषांची निवृत्ती साठाव्या वर्षी, कारखान्यातल्या बाईची पन्नासाव्या. दहा वर्षांचा फरक! आठवड्याला ४९ तास धरले तर ते होतात सुमारे २५ हजार तास, म्हणजे डेक्कन क्वीनच्या साडेसात हजारांहून जास्त फेऱ्या. २०२५ पासून ही वयं हळूहळू वर सरकू लागली आहेत, पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने: पुरुष ६३, कारखान्यातली बाई ५५. दहाचा फरक आठवर येईल.

आता कोरिया. २०२२ साली तिथला माणूस वर्षाला सरासरी १,९०१ तास काम करत होता, जर्मनीतला १,३४१. फरक ५६० तास. आठ तासांच्या पाळीने सत्तर दिवस! तेही आठवड्याची कमाल मर्यादा ६८ तासांवरून ५२ वर आणल्यानंतर. २०२३ मध्ये सरकारने ती ६९ पर्यंत नेण्याचा विचार बोलून दाखवला आणि तरुण कामगार असे खवळले की सरकारला माघार घ्यावी लागली.

पण पगार बघा. पगाराची गाडी पुन्हा सीएसएमटीहून सोडू. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या पुरुषाच्या मधल्या पगाराची गाडी पुण्याला पोचते असं धरा. २०२२ साली श्रीमंत देशांच्या सरासरीत बाईची गाडी आकुर्डीच्या आसपास पोचत होती. जपानी बाईची वडगावच्या आसपास थांबत होती, कारण तिथली तफावत २१.३ टक्के. आणि कोरियन बाईची? ३१.२ टक्के तफावत. गाडी घाट चढते, लोणावळा ओलांडते, आणि मळवली यायच्या आत थांबते! साठ किलोमीटर रूळ उरले, गाडी नाही. कॅलेंडरवर मांडा: ८ सप्टेंबरला तिचा वर्षाचा पगार संपला. त्यानंतरचं नवरात्र, दसरा, दिवाळी, नाताळ, सगळं फुकट काम. १९९६ साली कोरिया ओईसीडीत आला, तेव्हापासून या तक्त्यात तळाची जागा त्याने सोडलेली नाही.

याचं मोठं कारण मधेच सुटणारी नोकरी. लग्न, बाळंतपण, मुलांचं संगोपन यांपायी नोकरी सुटलेल्या बायकांसाठी कोरियात सरकारी वर्गवारीच आहे. २०२३ साली त्यांची संख्या १३ लाखांहून वर होती. कोल्हापुरासारखी दोन शहरं फक्त या बायकांनी भरतील आणि तरी त्या उरतील. मग पुढच्या मुलीने काय धडा घ्यावा? तिने घेतला. २०२३ मध्ये कोरियाचा जननदर ०.७२ वर आला. लोकसंख्या टिकायला लागतात २.१. शंभर जोडपी, दोनशे माणसं. त्यांना मुलं ७२. त्या ७२ जणांना पुढे मुलं २६. दोन पिढ्यांत दोनशेचे सव्वीस! २००६ पासून साधारण सोळा वर्षांत सरकारने जन्म वाढावेत म्हणून २८० लाख कोटी वॉन ओतले, म्हणजे सुमारे १७ लाख कोटी रुपये. महाराष्ट्राचा २०२४-२५ चा अर्थसंकल्प ६ लाख कोटींच्या वर होता, तसे जवळजवळ तीन! पाचशेच्या नोटा रुळांवर एकापुढे एक मांडल्या तर मुंबई-पुणे मार्ग साडेसव्वीस हजार वेळा झाकला जाईल. एवढ्या नोटा अंथरूनही आकडा खालीच गेला, कारण प्रश्न संध्याकाळी घरी कोण परततं आणि कधी परततं हा होता.

आणि आता जपानी घरात शिरू, कारण मला वाटतं सगळ्यात अचाट आकडा कोरिया आणि जपान यांच्यामधल्या समुद्रात नाही, तो एका छपराखाली आहे.

ओईसीडीच्या तक्त्यात जपानी पुरुष बिनपगारी कामाला, म्हणजे स्वयंपाक, धुणी, बाजारहाट, मुलं, म्हातारी माणसं या सगळ्याला मिळून दिवसाला देतो ४१ मिनिटं. जपानी बाई देते २२४. या मिनिटांत काय काय असतं? सकाळचं एकच काम जवळून बघा. पाळणाघरात जाणाऱ्या बाळाच्या पिशवीत पाच-सहा डायपर लागतात, आणि बऱ्याच पाळणाघरांत प्रत्येक डायपरवर बाळाचं नाव लिहिलेलं असावं लागतं. पिशवीवर नव्हे, प्रत्येक डायपरवर! पाचच धरले आणि वर्षाचे २४० दिवस, तर १,२०० वेळा नाव लिहिणं. शिवाय एक वही असते. बाळाला काल रात्री कधी झोप लागली, सकाळी ताप किती होता, न्याहारीला काय खाल्लं, शी झाली का, हे सगळं रोज त्यात भरायचं. मग बाईने आपली गाडी पकडायची.

२२४ वजा ४१, म्हणजे १८३ मिनिटं. तीन तास तीन मिनिटं. डेक्कन क्वीनला मुंबईहून पुण्याला यायला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. दहा-बारा मिनिटांचाच फरक. म्हणजे नवऱ्याच्या मानाने ती दररोज मुंबई-पुण्याची एक जादा खेप मारते. दररोज, सुट्टी नाही. वर्षाला ७० हजार किलोमीटर, पृथ्वीला पावणेदोन प्रदक्षिणा. चाळीस वर्षांत २८ लाख किलोमीटर. चंद्र पावणेचार लाखांच्या थोडा पुढे. तीन वेळा चंद्रावर जाऊन परत, चौथ्यांदा चंद्रावर पोचून पुन्हा परतीच्या वाटेला! ही एका बाईची वाटचाल. कामाच्या वयाच्या बायका तिथे सुमारे ३ कोटी ६० लाख. सगळ्यांची जादा १८३ मिनिटं एकत्र केली तर दिवसाला जवळजवळ ११ कोटी तास, आठ तासांच्या १ कोटी ३७ लाख पाळ्या. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे पाळण्यातल्या तान्ह्यासकट मुंबईतला प्रत्येक जीव आठ तास राबेल, तरी रोजचं हे काम पुरं व्हायचं नाही! (आपली मान ताठ ठेवायलाही फार जागा नाही. २०१९ च्या आपल्या राष्ट्रीय पाहणीत दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या बायका ८१ टक्के निघाल्या आणि पुरुष २६.)

कुणी म्हणेल, तो बिचारा ऑफिसात जास्त बसतो. अगदी खरं. तेही मोजू. त्याच तक्त्यात पगारी काम: पुरुष दिवसाला ४५२ मिनिटं, बाई २७२. आता बेरीज करा. पुरुष: ४५२ अधिक ४१, एकूण ४९३. बाई: २७२ अधिक २२४, एकूण ४९६. पुन्हा बघा. ४९३ आणि ४९६. तीन मिनिटांचा फरक! एवढे देश, एवढ्या पट्ट्या, ९५ गुणांचा तो अवाढव्य पुरुषीपणा, आणि दिवस संपताना नवरा-बायको तीन मिनिटांच्या अंतराने बरोबरीने दमलेले.

मोबदल्याची गाडी मात्र बरोबरीने धावत नाही. दोघांचा दिवस म्हणजे मुंबई ते पुणे असं धरलं, तर पुरुषाला चिंचवडपर्यंत पगार मिळतो. बाईला ५५ टक्के वाटेपर्यंत, म्हणजे १०५ किलोमीटर. ठाणे, कल्याण, नेरळ, कर्जत, पळसदरी, बस्स. जिथे बोर घाटाची चढण सुरू होते, जिथे मागून जादा इंजिनांनी रेटावं लागतं, तिथून पुढे पगार बंद. सगळा घाट फुकट! लोणावळ्यापासून पुण्यापर्यंतचं पठारही फुकट!

हॉफस्टेडे यांच्या फॉर्ममध्ये ही गोष्ट अर्ध्या शतकापूर्वीच दिसली होती. दादरवाल्या देशांत पुरुष आणि बायका एकाच डब्यात बसलेले, नोकरीकडून दोघांच्या अपेक्षा जवळपास सारख्या. गाडी पुण्याकडे जाईल तसं दोघांतलं अंतर वाढत जातं. जपानमध्ये बाईसुद्धा चांगली पुढे जाते, पण पुरुष त्याहून कितीतरी पुढे निघून गेलेला असतो. आणि व्यवस्थेने हे अंतर जपलं. १९८६ पासून समान संधीचा कायदा लागू झाला, तशा मोठ्या कंपन्यांनी दोन वाटा आखल्या: एक बढतीची, बदल्यांची, रात्री उशिरापर्यंत थांबण्याची, दुसरी कारकुनीची. पहिलीवर बहुतेक पुरुष, दुसरीवर बहुतेक बायका. शिवाय वर्षाला १० लाख ३० हजार येन, म्हणजे सहा लाख रुपयांच्या आसपास, ही कराची वेस होती. बायकोची कमाई त्यापुढे गेली की कर लागायला सुरुवात, म्हणून लाखो बायका डिसेंबर जवळ आला की आपणहून कामाचे तास कमी करायच्या. ती वेस २०२५ मध्ये वर सरकवली गेली. २०२० पर्यंत पुढारपणाच्या जागांवर ३० टक्के बायका, असं उद्दिष्ट २००३ मध्ये सरकारने ठेवलं होतं. २०२० आलं आणि गेलं, व्यवस्थापकांत बायका शंभरात बारा-तेराच राहिल्या.

पण एक आकडा आहे जो सगळ्या तक्त्यांत सुसाट सुटलाय! मूल झाल्यावर बापाने घ्यायची रजा. जपानचा कायदा या बाबतीत जगातल्या सगळ्यात उदार कायद्यांपैकी, बापाला वर्षभरापर्यंत रजा देतो. १९९६ साली ती घेणारे बाप किती? ०.१२ टक्के. म्हणजे ८३३ बापांत एक. अख्ख्या गाडीत एकटाच, मांडीवर बाळ घेऊन! २०१२ साली १.८९ टक्के: ८३३ मध्ये सोळा. २०२१ साली १४ टक्क्यांजवळ: ११६. २०२३ साली ३०.१ टक्के: अडीचशे! २०२४ साली ४०.५ टक्के: ३३७! एकाचे तीनशे सदतीस, अठ्ठावीस वर्षांत, आणि त्यातले निम्म्याहून जास्त शेवटच्या तीन वर्षांत. रजा बरेचदा अजून काही दिवसांची-आठवड्यांचीच असते, पण तेवढ्यात डायपरवर नाव लिहायला शिकता येतं. ८३३ मधून ३३७ गेले. उरले ४९६.